चकव्यातला कॅमेरा

भुताच्या सिनेमात सगळ्यात जास्त काम घर करतं. रामसे बंधूंना हे पुरेपूर ठाऊक होतं. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढताना स्टुडिओत सेट उभारण्याऐवजी त्यांनी सगळं बिऱ्हाड घेऊन महाबळेश्वर गाठलं, आणि ‘पुराना मंदिर’साठी (१९८४) मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्याचा आधार घेतला. मराठीत ‘पछाडलेला’ (२००४) वाड्यातच घडला. ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१६ साली सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं घर इतकं गाजवलं, की लोक ते बघायला गाड्या करून जाऊ लागले. ‘तुंबाड’ला (२०१८) सासवडचा वाडा मिळाला. या सगळ्या वाड्यांत कॅमेरा असतो, पण तो कोणाचा, हे कोणी विचारत नाही. नायिका अंधारात एकटी जिना चढते तेव्हा तिच्या पुढे चार पायऱ्यांवर उभं राहून हे चित्रण करतंय तरी कोण?

हाच प्रश्न ज्या प्रकाराने आपल्या कथेत ओढून घेतला त्याला जगभर ‘फाउंड फुटेज’ म्हणतात. पात्रांनीच चित्रण केलेलं असतं. ती पात्रं मेली किंवा बेपत्ता झाली, फीत तेवढी मागे राहिली, आणि आता आपण ती पाहतोय, असा बहाणा. साहित्यात ही युक्ती जुनीच. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही अख्खी कादंबरी रोजनिशा, पत्रं आणि कात्रणांची आहे. पडद्यावर रुग्गेरो देओदातोच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ने (१९८०) ती राबवली, पण घरोघरी पोचवली १९९९च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी तीन नटांच्याच हाती कॅमेरे दिले, त्यांना आठेक दिवस जंगलात फिरवलं आणि रोज त्यांचं खाणं थोडं थोडं कमी केलं. सिनेमाने जगभरातून सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले.

सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला त्या सिनेमाचा गाभा कोणी समजावून सांगायला नको. तिघं दिवसभर होकायंत्र बघत एकाच दिशेने चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्यापाशी येतात. पांढुर्ण्याकडचा कोणताही जुना शेतकरी सांगेल, की पोरांना चकवा लागला. चकवा मारत नाही, फक्त फिरवतो. ओळखीच्या धुऱ्यावर, ओळखीच्या बांधावर रात्रभर तेच तेच. त्यावर उतारा एकच : जागच्या जागी बसून उजाडायची वाट बघायची. ब्लेअरमधली पोरं बसत नाहीत. ती चालत राहतात, शूट करत राहतात आणि शेवटी एका पडक्या घरात शिरतात.

पुढच्या सिनेमांनी हा चकवा जंगलातून उचलून इमारतीत आणला. कॅनडात चित्रित झालेला ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’ (२०११) मला या बाबतीत फार हुशार वाटतो. भुतांचा टीव्ही कार्यक्रम करणारी टोळी एका बंद मनोरुग्णालयात स्वतःला रात्रभर कोंडून घेते. निवेदक पक्का लबाड. माळ्याच्या हातावर पैसे ठेवून तो त्याच्याकडून ‘भूत पाहिलं’ असं वदवून घेतो. घड्याळात सकाळ होते, बाहेर उजाडत नाही. मुख्य दार फोडतात, तर पलीकडे आणखी एक व्हरांडा. इथे बसून राहण्याचा उताराही चालत नाही, कारण वाट बघावी अशी पहाटच शिल्लक नाही. जागा खरी होती : ब्रिटिश कोलंबियातलं रिव्हरव्ह्यू हॉस्पिटल. स्पेनचा ‘रेक’ (२००७) आणि दिग्दर्शकाने स्वतःच्याच घरात उरकलेला ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ (२००७) जास्त गाजले, पण त्यांच्या इमारती नांदत्या आहेत. पडक्या इमारतीचा राजा निघाला दक्षिण कोरियात.

‘गोनजियाम : हॉन्टेड असायलम’ (२०१८) थोडं थांबून बघण्यासारखा आहे. सोलजवळच्या ग्वांगजू शहरात गोनजियाम मनोरुग्णालय खरंच होतं. १९९६ साली ते बंद पडलं. रुग्ण पटापट मेले, संचालिकेने गळफास घेतला, अशा कहाण्या नंतर पसरल्या. बंद पडण्याचं सांगितलं जाणारं कारण मात्र पैशाची ओढाताण आणि सांडपाण्याचा प्रश्न हे आहे. २०१२मध्ये सीएनएनने जगातल्या भीतिदायक जागांच्या यादीत त्याचं नाव घातलं आणि रात्री कुंपण ओलांडून येणारी तरुण मंडळी वाढली. दिग्दर्शक जंग बोम-शिकने चित्रण तिथे केलंच नाही, त्याने बुसानमधल्या एका जुन्या शाळेची इमारत वापरली. तरीही मालक सिनेमा थांबवायला न्यायालयात गेला. न्यायालयाने मागणी फेटाळली, सिनेमा लागला, २६ लाखांहून अधिक तिकिटं विकली गेली आणि त्याच वर्षी मूळ इमारत पाडली गेली. भुताच्या अफवेने जागेचा भाव पडतो ही तक्रार आपल्याकडच्या कोणत्याही घरमालकाला कळेल.

सिनेमात सात जणांच्या टोळीतले सहा जण थेट प्रक्षेपणासाठी आत शिरतात. बाहेर तंबूत बसलेल्या म्होरक्याची नजर प्रेक्षकसंख्येवर. त्याला दहा लाख हवेत. प्रत्येकाच्या अंगावर दोन कॅमेरे, एक समोर बघणारा आणि एक स्वतःच्या तोंडावर रोखलेला. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, बरंचसं चित्रण नटांनीच केलेलं. तोंडावरचा कॅमेरा ही या सिनेमाची खरी कमाई. माणूस भूत बघतोय हे दिसतं, भूत दिसत नाही. आणि आपण त्या चेहऱ्याच्या मागच्या अंधारात शोधत बसतो. या प्रकाराला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा : जीव जातोय तरी हे लोक कॅमेरा खाली का ठेवत नाहीत? गोनजियामचं उत्तर पटतं. कॅमेरा ठेवला तर आकडा थांबेल.

आता हेच पांढुर्ण्याशेजारच्या सौंसरला आणून बघा. म्हणजे पंचाईत लगेच लक्षात येते.

२०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा हा संत्र्यांचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला, म्हणून इथला माणूस घरात मराठी बोलतो आणि कचेरीत हिंदी. २ फूट ६ इंचांची नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज सौंसर, रामाकोनावरून सातपुड्यात चढायची. २०१५च्या अखेरीस ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली. पडकी इमारत हवीच असेल तर अशा मुलखात ती मिळायला कठीण नाही. पण ती रिकामी मिळणार नाही. आपल्याकडच्या पडक्या वाड्याला चार वारस असतात, त्यांतला एक पुण्यात, आणि दावा कोर्टात. ओसरीवर कोणाच्या तरी शेळ्या, मागच्या खोलीत पत्त्यांचा डाव. तुम्ही कॅमेरा घेऊन आत शिरलात की तिसऱ्या मिनिटाला शेजारून आवाज येतो, “कोण्या घरचा रे तू?” सिनेमा संपला.

दुसरी पंचाईत त्याहून मोठी. परदेशी भूत इमारतीत राहतं, कारण त्या समाजांनी नकोशी माणसं इमारतीत कोंडली होती. आपलं भूत माणसात येतं. सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाचं देवस्थान आहे. बाहेरची बाधा झाली असं ज्यांच्याबद्दल घरच्यांना वाटतं अशी माणसं तिथे आणली जातात. पलीकडे बैतूल जिल्ह्यात मलाजपूरला गुरुसाहेब बाबांच्या समाधीपाशी पौष पौर्णिमेपासून जत्रा भरते. ‘भुतांचा मेळा’ म्हणूनच ती ओळखली जाते. दोन्हीकडे अंधार नाही, एकांत नाही. भर दुपारी, नारळ-फुलांच्या दुकानांच्या गर्दीत, सासू-नणंदेच्या देखत बाई घुमते. टीव्हीवाले वर्षानुवर्षं तिथे कॅमेरे घेऊन येत आले आहेत. त्या चित्रणात ज्या बाईचे केस मोकळे सुटलेले असतात तिला कोणी विचारलेलं असतं का, हा प्रश्न मला तिच्या अंगात कोण आलं यापेक्षा जास्त छळतो.

आणि या प्रश्नापाशीच आपल्याकडचा या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा सिनेमा उभा आहे, जरी त्याचं नाव ऐकून सभ्य माणसं नाक मुरडत असली तरी. २०११चा ‘रागिणी एमएमएस’. पवन कृपलानीचं दिग्दर्शन, एकता कपूरची निर्मिती, आणि तेव्हा राजकुमार यादव म्हणून ओळखला जाणारा राजकुमार राव. त्याच्या आदल्याच वर्षी दिबाकर बॅनर्जीच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ने छुपे आणि हातातले कॅमेरे हिंदीत आणले होते. त्यात भूत नव्हतं, पण भीती होतीच. ‘रागिणी’ने त्यात भूत घातलं. उदय आपल्या मैत्रिणीला मुंबईबाहेरच्या एका ओसाड बंगल्यावर नेतो. तिच्या नकळत खोल्याखोल्यांत कॅमेरे लावलेले आहेत. तिची फीत विकून त्याला सिनेमात पाय रोवायचा आहे. तिला पलंगाला बेडी घातली जाते, आणि मग बंगल्यातली बाई बोलू लागते.

ती मराठीत बोलते. आपण चेटकीण नाही, आपण आपली लेकरं मारली नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. दिल्ली-लखनऊच्या प्रेक्षकाला तो भीतिदायक अगम्य आवाज वाटला असेल. पांढुर्ण्याच्या प्रेक्षकाला शब्दन् शब्द कळतो, आणि कळला की भीतीची जागा बदलते. ही भूतबाधा राहत नाही, हा जबाब होतो. चेटकीण ठरवून बाई मारणं ही दंतकथा नाही. छत्तीसगडला २००५ साली टोनही प्रतिबंधाचा कायदा करावा लागला, महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३च्या डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या बंगल्यात दोन बायका आहेत. एकीला गावाने न विचारता चेटकीण ठरवलं, दुसरीला प्रियकराने न विचारता चित्रित केलं. दिग्दर्शकाने हे जाणून मांडलं की ओघात घडलं, याने मला फरक पडत नाही. दुसऱ्या भागात (२०१४) सनी लिओनी आली, हातातला कॅमेरा गेला, नेहमीचा सिनेमा परतला आणि मुद्दाही गेला.

याच काळात कन्नडमधला ‘सिक्स मायनस फाइव्ह इज इक्वल टू टू’ (२०१३) हा गिर्यारोहकांचा सिनेमा चालला, पुढच्या वर्षी हिंदीतही आला. त्यात पुन्हा डोंगर, पुन्हा चकवा. मराठीने मात्र हा प्रकार बाजूलाच ठेवला. विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’मध्ये (२०१७) पडक्या इमारतीचं काम उसाने केलं. चारी बाजूंनी उभा ऊस आणि मधे घर, म्हणजे भिंती नसलेला चकवाच. ‘छोरी’ (२०२१) या त्याच्या हिंदी अवताराला मी तेवढे गुण देणार नाही. राही अनिल बर्वेला ‘तुंबाड’ची पहिली ठिणगी नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितलेल्या गोष्टीतून मिळाली, आणि ती गोष्ट नारायण धारपांची निघाली, हे मला नेहमी सूचक वाटतं. आपल्याकडे भूत सांगितलं जातं. सांगणारा समोर बसलेला असतो, त्याला उलटतपासणी करता येते. सापडलेल्या फितीला काही विचारता येत नाही.

कॅमेरा आणि ओसाड इमारत यांची आपल्याकडची सगळ्यात भयंकर गोष्ट सिनेमात घडलेलीच नाही. २२ ऑगस्ट २०१३ला मुंबईत महालक्ष्मीच्या बंद पडलेल्या शक्ती मिलमध्ये एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. ती तिथे ओसाड इमारतींचे फोटो काढायच्या कामासाठी गेली होती. त्यानंतर ओसाड गिरणीतल्या भुतांचे किस्से रंगवणारे लेख मला वाचवत नाहीत.

पांढुर्ण्याचं म्हणाल तर हलत्या कॅमेऱ्याचं चित्रण इथे दरवर्षी भरपूर होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबत निघते त्याच दिवशी, जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी गोटमार, म्हणजे दगडफेक, होते. शेकड्यांनी लोक जखमी होतात. वरून प्रशासनाचा ड्रोन, खाली हजारो मोबाइल. ती चित्रणं पाहिली तर फाउंड फुटेजची सगळी व्याकरणं त्यात आहेत : हलणारी चौकट, धाप, मधेच आभाळ, कोणाचा तरी ओरडा. तरीही कोणी भीत नाही, कारण चौकटीतला प्रत्येक जण कोणाचा तरी पोरगा म्हणून ओळखता येतो. भीतीला थोडा अनोळखीपणा लागतो, तो इथे औषधालाही मिळत नाही.

म्हणून इथल्या एखाद्या पोराला हा प्रकार करून बघायचाच असेल तर त्याने गोनजियामच्या मागे न जाता ‘द मीडियम’ (२०२१) पाहावा. थायलंडच्या इसान भागातला, बंजोंग पिसंथनाकूनचा. माहितीपट करणारी टोळी एका देवर्षी बाईच्या मागे फिरते. देवी त्या घराण्यात बाईकडून बाईकडे येते, आणि पुढची पाळी भाचीची असावी असं सगळ्यांना वाटतं. नातेवाईक, तेरावे, देव्हारे, भावाभावांतले जुने हिशेब, सगळं आपल्या ओळखीचं. बंद पडलेला कारखाना येतो तो अगदी शेवटी, आणि तोही भाचीच्या वडिलांच्या घराण्याच्या पापाचा वारसा म्हणून. मुलीची दशा बघवत नसतानाही कॅमेरावाले मदतीला न जाता चित्रण करत राहतात, ती आंघोळीला बसली तरी, रडली तरी. शेवटी त्या कारखान्यात कॅमेरावाल्यांचा नंबर लागतो. तेव्हा, खरं सांगायचं तर, मला त्यांची दया आली नाही.