डेकेटरचे वार्तापत्र : सोयाबीनला सरकारचे एकरी पैसे

डेकेटर (इलिनॉय), जानेवारी 2026

या भागात मका आणि सोयाबीन सोडून तिसरे पीक शोधावे लागते. गावात सोयाबीन गाळणारे मोठे कारखाने आहेत आणि त्यांचा वास हिवाळ्यातही नाकाची पाठ सोडत नाही. शेते सध्या रिकामी आहेत. बोलण्यात विषय आहे तो वॉशिंग्टनने सोयाबीनसाठी जाहीर केलेल्या एकरी 30.88 डॉलरचा.

डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर ही रक्कम हेक्टरी 6,900 रुपयांच्या आसपास जाते. महाराष्ट्र सरकारने 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसासाठी हेक्टरी 5,000 दिले होते. म्हणजे अमेरिकेत डॉलरचा पाऊस पडतो, हा आपला समज हेक्टरी हिशेबात टिकत नाही. खरा फरक मर्यादेत आहे. आपल्याकडे दोन हेक्टरवर हात आखडला, म्हणजे जास्तीत जास्त दहा हजार. इथली मर्यादा 1,55,000 डॉलर!

जवळपास प्रत्येक काउंटीसाठी, म्हणजे इथल्या जिल्ह्यासाठी, कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’चे कार्यालय असते आणि त्यावर शेतकऱ्यांनीच मते देऊन निवडलेली समिती. किती एकर काय पेरले, ते बहुतेकांनी 15 जुलैपर्यंत तिथे नोंदवायचे. आपली ई-पीक पाहणीच म्हणा. पैसे त्या नोंदीवर मिळतात.

कायमची योजना निराळी. तिच्यात सोयाबीनचा आधारभाव नुकताच बुशेलला, म्हणजे 27 किलोंना, 8.40 वरून 10 डॉलर झाला. क्विंटलला साधारण 3,300 रुपये. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328! पण इथे बाजाराची सरासरी खाली गेली की फरक सरकार देते, माल कोणालाही विका. मात्र तो हिशेब वर्षभराने, ऑक्टोबरात होतो. तोवर निभावून न्यायला हे एकरी पैसे.

इथले सोयाबीनचे भाव पडायचे एक मोठे कारण सरकारचेच धोरण. 2018 च्या आयातकराच्या भांडणात चीनने इथल्या सोयाबीनवर 25 टक्के कर लावला, तेव्हा वॉशिंग्टनने बुशेलला 1.65 डॉलर भरपाई दिली. 2025 मध्ये तेच भांडण पुन्हा पेटले आणि चीनने कित्येक महिने खरेदीच थांबवली. भरपाई आली, पण तिचा बराच वाटा खंडातून जमीनमालकाकडे आणि खत-बियाणांच्या कंपन्यांकडे वाहून जातो. कसणाऱ्याच्या हातात किती राहते, ही इथली जुनी तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते.

तरीही एक गोष्ट कागल-हातकणंगल्याच्या सोयाबीनवाल्याने टिपून ठेवावी : सरकारच्या धोरणाने भाव पडला, तर इथे निदान भरपाई येते. आपल्याकडे मे 2025 मध्ये दिल्लीने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. शहरातला तेलाचा डबा स्वस्त व्हावा, हा हेतू वाईट नाही. पण त्याची झळ सोयाबीनच्या भावाला बसते आणि त्या निर्णयाबरोबर शेतकऱ्याच्या भरपाईचा एक शब्दही निघाला नाही. उसाला निदान एफआरपीचा, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचा, कायदा आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत त्यासाठी गर्दी जमते. सोयाबीनसाठी अशी गर्दी जमत नाही, कारण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ते उसामागचे पीक. पुढच्या परिषदेत त्याचाही एक ठराव घ्या : आयातशुल्क उतरवायचे असेल, तर भावातला फरक त्याच हंगामात खात्यावर जमा करा.