इष्टुर फाकड्याच्या आवारात

पावसाळी पुरवणीसाठी लोणावळ्यावर काहीतरी द्या, असा निरोप आला तेव्हा आधी चिक्की आठवली, मग भुशी आणि मग रविवारची गाड्यांची रांग. तिन्हींवर दरवर्षी छापून येतं आणि दरवर्षी तेच छापून येतं. म्हणून सकाळची लोकल धरली आणि लोणावळ्याच्या चार स्टेशनं अलीकडे, वडगावला उतरलो. रुळांच्या दोन्ही बाजूंना भातलावणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या पाठीवर प्लॅस्टिकची खोळ आणि बांधावर कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं. इंद्रायणीच्या काठचा, इंद्रायणी तांदळाचा मावळ तो हाच.

वडगावात मला भेटायचं होतं एका निवृत्त गुरुजींना. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण आता गावोगावचे लोक त्यांना ओळखतात ते मोडीमुळे. सप्टेंबर २०२३मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अडगळीत पडलेल्या या लिपीला एकदम भाव आला. कोतवाल बुकाची नक्कल घेऊन लोक गुरुजींच्या ओसरीवर येतात. पणजोबा कोण, त्यांच्या नावापुढे काय लिहिलंय, एवढंच त्यांना हवं असतं.

मी गेलो तेव्हा त्यांच्यासमोर असाच एक कागद होता. पानभर आधी एक लांब रेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, ही मोडीची चाल. भिंगाखाली ती ओळ वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसते. गुरुजी बोटानं हवेत अक्षर गिरवतात, ओठांतल्या ओठांत पुटपुटतात, मग कागदाला नाक लावतात. "मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. वेलांटी एक, उकार एक. पणजोबाला शुद्धलेखनाचे मार्क नव्हते," ते म्हणाले. "आता पणतवाच्या दाखल्यावर पहिली की दुसरी, यावरून खेटे पडतात."

लोणावळ्यातल्या साहेबांच्या घराण्यांबद्दल लिहायचंय म्हटल्यावर त्यांनी छत्री उचलली. "मग आधी आमच्या साहेबाला भेटा."

त्यांचा हा साहेब कचेरीच्या आवारात आहे. दाखल्यांसाठी ताटकळणारी माणसं, भिंतीला टेकलेल्या दुचाकी, आणि त्यातच इष्टुर फाकड्याची समाधी. इतिहास शाळेत झालेला आहे, उरकून घेतो. राघोबादादांना पेशवाईवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८च्या अखेरीस बोरघाट चढून आली. मराठ्यांनी पुढची रसद आणि चारा जाळत तिला तळेगावापर्यंत येऊ दिलं. परतताना तोफा तळ्यात टाकून पळण्याची पाळी तिच्यावर आली आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला महादजी शिंद्यांनी तिला शरण आणलं. त्या फौजेतला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट ४ जानेवारीलाच कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून पडला होता. मराठ्यांची हालचाल बघायला तो झाडावर चढला होता आणि पानशांच्या तोफखान्यानं त्याला तिथंच टिपला, असं इथं सांगतात. शत्रूच्या शौर्याला दाद म्हणून मराठ्यांनी त्याला ‘फाकडा’ केला आणि मानाजी शिंदे फाकड्यांच्या पंक्तीला नेऊन बसवला.

पण ‘स्टुअर्ट’चा ‘इष्टुर’ कसा झाला? गुरुजींकडे याचं उत्तर तयार होतं. "आमच्या जिभेला सुरुवातीलाच जोडाक्षर नको असतं. स्टेशनचं इस्टेशन, स्कूलचं इस्कूल, स्टोव्हचं इष्टो. तसा स्टुअर्टचा इष्टुर. नाव मोडलं म्हणून तोंडात बसलं." समाधीपुढे विझलेल्या उदबत्तीच्या काड्या होत्या आणि एक ओलं झेंडूचं फूल.

तिथून आम्ही लोणावळ्याची लोकल धरली. वाटेत गुरुजींनी घाटातल्या रेल्वेचं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. सुमारे पंचवीस किलोमीटरची चढण, १८३१ फुटांची उंची, पंचवीस बोगदे, जास्तीत जास्त सदतिसास एक असा चढ. काम १८५६मध्ये सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. १८६१मध्ये एका वेळी बेचाळीस हजार माणसं इथं खपत होती. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल यानं १८५९मध्ये काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि मुंबईत पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच वारला. कंत्राट बुडायचं, पण त्याची बायको ॲलिस हिनं ते अंगावर घेतलं. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघांना कारभारी नेमलं आणि काम तडीस नेलं. घाटाच्या कामाचे तिचे फोटो लंडनच्या इंजिनिअरांच्या संस्थेत जपून ठेवले आहेत. पटकीनं आणि तापानं घाटात मेलेल्या हजारो बिगाऱ्यांची तेवढी वही कुठं नाही. त्यांच्यासाठी म्हणून विकायला आलेली गूळदाणी पुढे चिक्की झाली, असं बाजारात सांगतात. तेवढीच त्यांची आठवण समजायची.

रेल्वे झाली आणि लोणावळा साहेबांचं गाव झालं. इंजिनांचे कारखाने, रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक देवळं, फ्रीमेसनांचं लॉज, सगळं इथं उभं राहिलं. भुशीचं धरण, जिथं आता पायऱ्यांवर धिंगाणा चालतो, तेही मुळात इंजिनांच्या पाण्यासाठी रेल्वेनंच बांधलं. गुरुजींचे आजोबा याच रेल्वेत कोळसा मारायचे. १९३०च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली, स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. त्यांच्या कौलारू बंगल्यांच्या जागी आता स्विमिंग पूलवाले व्हिला आहेत. शनिवारी-रविवारी भाडं दुप्पट, आणि रस्ता ओलांडायला अर्धा तास.

मधूनमधून त्या कुटुंबांतलं कुणीतरी हातात कागद घेऊन येतं. काही वर्षांपूर्वी एक वयस्क इंग्रज बाई आल्या होत्या. रेल्वेतल्या एका ओळखीच्यानं त्यांना गुरुजींकडे धाडलं, कारण ‘जुनं वाचणारा माणूस’ म्हणून त्यांचंच नाव निघालं. गुरुजी ती गोष्ट फार रंगून सांगतात.

बाईंचं घराणं कुठल्याशा खेड्यातलं, पिढीजात शेतमजुरांचं. जमीन नाही, वाडा नाही, तरी अडीचशे वर्षांचा कागद बाईंपाशी होता. इंग्लंडात १५३८पासून प्रत्येक गावच्या चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी लागते. १८३७पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आणि १८४१पासून दर दहा वर्षांनी घरागणिक नावानिशी खानेसुमारी. शंभर वर्षं उलटली की ती सगळ्यांना बघायला खुली. अशा वह्यांतून बाई एकेक पायरी चढत गेल्या होत्या. मजुराचा मुलगा रेल्वेत फिटर झाला, बोटीनं मुंबईला आला, लोणावळ्याच्या कारखान्यात लागला. इथल्या पाद्र्यानं केलेल्या नोंदींची प्रतही मुंबईमार्गे लंडनला जायची. त्यामुळे लोणावळ्याचे बाप्तिस्मे बाईंना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडले होते. फिटरचा मुलगाही रेल्वेतच. मात्र त्याच्या लग्नाच्या नोंदीपाशी बाईंचं बोट थांबलं. नवरीचं नाव नुसतं मेरी. वडलांच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ.

"मी ती रेघ बघितली आणि म्हटलं, बाई, ही आमची," गुरुजी म्हणाले. बाटलेल्या मुलीला पाद्र्यानं नवं नाव दिलं, जुनं टाकलं, आणि बापाचं नाव टाकायचं तर तो आडवा आला असता. रकाना कोरा ठेवला की काम भागलं. आपली राज्यघटनाही अँग्लो-इंडियन कोण, हे बापाच्या बाजूनंच मोजते. पूर्वज पुरुष युरोपी वंशाचा असायला हवा. त्यामुळे बाईंच्या कागदावर इंग्लंडातल्या खेड्यातला आठवा बाप होता, आणि मावळातली एक आजी वाऱ्यावर.

बाईंना मेरीचं गाव हवं होतं. गुरुजी त्यांना घेऊन जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गेले, आणि आम्हीही तिथंच गेलो. फाटकाला कुलूप नव्हतं, गरजही नव्हती. आत कमरेएवढं गवत, घाणेरीची झुडपं, उलथलेले क्रॉस, आणि एका संगमरवरी पाटीवर कुणीतरी दगडानं कोरलेला बदाम. डागडुजी कुणी करायची, यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतं दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

गुरुजींनी एका पाटीवरचं शेवाळ रुमालानं पुसलं. नाव नव्हतंच. संगमरवरात शिशाची अक्षरं ठोकून बसवायची त्या काळी पद्धत होती. शिसं कधीच उखडून नेलेलं, भंगारात विकलेलं. उरली होती ती अक्षराला धरून ठेवणारी बारीक भोकं. गुरुजींनी डोळे मिटले आणि बोटाचं टोक भोकांवरून फिरवायला लागले. तीन भोकं एका रेषेत, दोन बाजूला. "हा बहुतेक इंग्रजी ई. हा आर. मोडी वाचून वाचून सवय लागते, जे दिसत नाही ते धरून वाचायची." अर्धं नाव हाती लागलं आणि पाऊस वाढला.

बाईंना इथं त्यांच्या फिटरची पाटी मिळाली होती, अशीच शिसं गेलेली. मेरीची मिळाली नाही. जाताना त्यांनी इथली मूठभर माती रुमालात बांधून घेतली, आणि गुरुजींना त्यांनी दिलेली चहाची टिनाची डबी आजही ओसरीवर आहे. गुरुजी तिच्यात बोरू ठेवतात.

परतीच्या लोकलमध्ये माझ्या डोक्यात ती भोकं होती. मापात कोरलेलं, बिनचूक स्पेलिंगचं नाव भंगारात गेलं होतं. इष्टुर मात्र अडीचशे वर्षं कुणी न कोरता टिकला होता, कारण तो दगडावर नव्हताच, लोकांच्या तोंडात होता. तोही चुकीचा.

गुरुजींना कुणाचीतरी नक्कल वाचून द्यायची होती, म्हणून पुन्हा कचेरीपाशी आलो. रांग तशीच होती. डोक्यावर गोणपाट घेतलेला एक शेतकरी समाधीपाशी वाकून नमस्कार करत होता. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चळत. पणजोबाची नोंद सापडली होती, पण एका कागदावर ‘रामा’ आणि दुसऱ्यावर ‘रामजी’ असल्यानं गाडं अडलं होतं.

"ह्यो कोण वो?" त्यानं गुरुजींना विचारलं. "म्हणत्यात इथं हात जोडलं की काम व्हतंय."

"इष्टुर फाकडा. इंग्रजांचा कप्तान."

"इष्टुर म्हंजी आडनाव का नाव?"

"आडनाव. नाव जेम्स."

शेतकऱ्यानं मान डोलावली. "आन् वडलांचं?"

तेवढ्यात आतून त्याचा पुकारा झाला, आणि पिशवी छातीशी धरून तो पळाला.