इंजिन बदललं, मग ऑइल फिल्टर जुनाच कसा चालेल?



१ जून ते ३१ जुलै बंदी. बोटी किनाऱ्याला आहेत, म्हणून इंजिनाची मोठी कामं याच दिवसांत निघतात. कोरं मरीन इंजिन सगळ्यांना परवडत नाही. मग ट्रकचं इंजिन ओव्हरहॉल करून बोटीला बसवायचं, हे आपल्याकडे जुनंच आहे. यंदा आपले दोन सभासद इंजिन बघायला पालघरहून बडोद्याला गेले, आम्हीही बरोबर गेलो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर फिरलो. इंजिनाचा भाव, गिअरबॉक्स, हीट एक्स्चेंजर, टेम्पोचं भाडं, सगळ्यावर घासाघीस झाली. ऑइल फिल्टरचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी आम्हीच विचारलं, याला फिल्टर कोणता? उत्तर आलं, "कोई पण चालशे."

कोणताही चालत नाही. हे आम्ही कसं शिकलो ते आधी सांगतो.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाने इंजिन बदललं. जुन्या इंजिनाचे चार कोरे फिल्टर घरात पडून होते. वाया कशाला घालवायचे म्हणून त्यातलाच एक नव्या इंजिनाला लावला. हाताने फिरवला, घट्ट बसला. बंदरात अर्धा तास इंजिन चालवलं, थेंबभर गळलं नाही. दुसऱ्या फेरीत रात्री, जाळं ओढताना, फिल्टर आट्यांतून सुटला आणि तेलाचा फवारा उडाला. तांडेलाची नजर प्रेशरच्या काट्यावर होती म्हणून त्याने लगेच इंजिन बंद केलं, नाहीतर क्रँक जाम झाला असता. शेजारच्या बोटीने ओढून आणलं. बर्फ, डिझेल, सगळी फेरी पाण्यात गेली. माणसं सुखरूप आली, हे महत्त्वाचं.

नंतर आम्ही दोन्ही फिल्टर शेजारी ठेवून मोजले. दिसायला जुळी भावंडं. फरक होता आट्यांत.

१) आटे
जिच्यावर फिल्टर फिरवतो ती नळी काही इंजिनांना २० मिलिमीटरची असते, आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर. काहींना पाऊण इंची असते, इंचात १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची नळीवर फिरतो, वाटतं बसला. पण आटे फक्त टोकाला धरतात. आता जोर बघा. तेलाचं प्रेशर ४ किलो आणि रबरी रिंगचा व्यास ७ सेंटिमीटर धरला, तर फिल्टरला बाहेर ढकलणारा जोर सुमारे १५० किलो होतो. गार इंजिन चालू करताना प्रेशर याहून जास्त चढतं. त्यात बोटीचा थरथराट. टोकावर धरलेले आटे किती दिवस टिकतील?

२) रबरी रिंग
रिंग इंजिनाच्या सपाट बैठकीवर पूर्ण टेकली पाहिजे. कडेवर अर्धी बसली तर बंदरात कदाचित गळणार नाही, पण दर्यात इंजिनावर जोर आल्यावर गळेल. दुसरं, जुना फिल्टर काढताना त्याची रिंग कधी कधी बैठकीला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकमेकींवर सरकतात आणि तेल बाहेर येतं. बैठक फडक्याने पुसून, हात फिरवून बघा.

३) बायपास व्हॉल्व्ह
तेल गार आणि घट्ट असलं किंवा फिल्टर तुंबला, की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता पुढे सोडतो. घाण तेल वाईट, पण बेअरिंगला तेलच न मिळणं त्याहून वाईट. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्याच अंगात असतो, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये तो नसतो. असा फिल्टर दुसऱ्या इंजिनाला लावला तर कुठेच व्हॉल्व्ह राहत नाही. बाहेरून हे दिसत नाही, इथे डोळ्याचा अंदाज चालत नाही. इंजिनाच्या पुस्तकातला पार्ट नंबरच बघावा लागतो.

४) तेल परत न जाऊ देणारी झडप
फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर इंजिन बंद झाल्यावर त्यातलं तेल खाली उतरतं. पुढच्या वेळी चालू करताना फिल्टर भरेपर्यंत बेअरिंग कोरडी फिरतात. ते टाळायला आत रबरी झडप असते. फिल्टर सरळ लटकत असेल तर एवढी अडचण येत नाही. ट्रकमध्ये कसा होता ते सोडा, तुमच्या बोटीत कसा बसतोय ते बघा.

५) जागा
आपल्या इंजिनखोलीत हात घालायला जागा नसते. म्हणून काहीजण आखूड फिल्टर लावतात. आखूड फिल्टरमध्ये कागद कमी, तो लवकर तुंबतो. जागा नसेल तर फिल्टर नळ्या टाकून बाजूला, हात पोचेल तिथे घ्या. पण नळ्या गरम तेलाच्या आणि प्रेशरच्याच हव्यात, पाण्याचा पाइप नको. बिल्जच्या खाऱ्या पाण्यापासून डबा लांब ठेवा. गंजाने पत्रा खाल्ला तर चांगला फिल्टरही फुटतो.

मग निवडायचा कसा? इंजिनाच्या ब्लॉकवरची नंबर प्लेट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. त्या नंबरावरून कंपनीच्या पुस्तकातला फिल्टरचा पार्ट नंबर घ्या. दुसऱ्या चांगल्या कंपनीचा फिल्टर घेतला तरी हरकत नाही, पण त्याच्या यादीत तुमच्या इंजिनाचं नाव असलं पाहिजे. प्लेट पुसली गेली असेल किंवा इंजिन दोन-तीन इंजिनांचे भाग जोडून केलेलं असेल, तर मेस्त्रीकडून नळीचा व्यास आणि आटे गेजने मोजून घ्या. पैसे देण्याआधी मोजा.

बसवताना: फिल्टर सरळ बसणारा असेल तर आधी चांगल्या तेलाने भरा. मधल्या मोठ्या भोकातून ओतू नका, ते तेल न गाळता थेट बेअरिंगला जातं. बाजूच्या बारीक भोकांतून ओता. रिंगला तेलाचं बोट लावा. रिंग टेकल्यावर डब्यावर लिहिलं असेल तेवढंच हाताने फिरवा, बहुतेक पाऊण ते एक फेरा. पान्याने आवळू नका. इंजिन चालू केल्यावर काटा लगेच वर आला पाहिजे. नाही आला तर बंद करा. गळती बघा, इंजिन थांबवून डिपस्टिक बघा, फिल्टरने प्यालेलं तेल वर घाला.

आता ताई-वहिनींसाठी. बोटीला किलोमीटर नसतात, तास असतात. पुस्तकात २५० तास लिहिलंय आणि इंजिन रोज १५ तास चालतंय, तर सतराव्या दिवशी तेल-फिल्टर बदलायची वेळ आली. "गेल्या महिन्यातच बदललंय" हा हिशोब इथे उपयोगाचा नाही. बर्फ-डिझेलच्या वहीतच प्रत्येक फेरीचे तास लिहा आणि बेरीज झाली की घरातूनच आठवण करा. ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाचा पहिला फिल्टर तर पुष्कळ लवकर, मेस्त्री सांगेल त्या तासाला काढायचा, कारण नव्या भागांची झीज त्यातच अडकते. तो कापून बघा. लोहचुंबकाला बारीक भुगा चिकटला किंवा तांब्यासारखी चमक दिसली तर मेस्त्रीला दाखवल्याशिवाय बोट बाहेर काढू नका. तेल दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, तेव्हा नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. जुनं तेल दर्यात ओतू नका, डब्यात भरून परत आणा.

राहता राहिले घरातले जुने कोरे फिल्टर. ज्याच्याकडे अजून तेच इंजिन आहे त्याला द्या. आमच्या त्या सभासदाने उरलेले तिन्ही तसेच देऊन टाकले. आणि ज्यांनी यंदा इंजिन बदललंय त्यांनी नंबर प्लेटचा फोटो आणि फिल्टरचा नंबर संस्थेच्या कार्यालयात लिहून द्या. एका बोटीचा फिल्टर मध्येच संपला तर दुसऱ्या कोणत्या बोटीकडे तोच मिळेल, हे आम्हाला वही उघडून सांगता येईल.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडण्याआधी एकदा इंजिनखोलीत उतरून फिल्टरचा नंबर वाचा. बसतोय म्हणजे चालतोय, असं धरून चालू नका.