दुर्मिळ उल्कावर्षाव आणि बोम्मसंद्र्याचं घड्याळ

'आज रात्री दुर्मिळ उल्कावर्षाव' असा निरोप मोबाइलवर आला, की बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या माणसाने आधी विचारावं : तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतील? नेहमीचे वर्षाव रात्रभर रेंगाळतात. दुर्मिळ उधाण मात्र बहुधा तास-दोन तासांत ओसरतं. धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीचा पट्टा अरुंद असतो आणि पृथ्वी तो झपाट्याने ओलांडते. त्या घटकेला जिथे रात्र, तिथल्यांची चंगळ. टेंपल-टटल हा साधारण ३३ वर्षांनी फिरकणारा धूमकेतू. त्याच्या धुळीमुळे सिंह राशीतून येणाऱ्या उल्कांनी १८ नोव्हेंबर १९९९ रोजी युरोप आणि पश्चिम आशियात झोड उठवली, तेव्हा इथे सकाळचे साडेसात वाजले होते. ३१ मे २०२२ च्या बहुचर्चित वर्षावाचा भर तर आपल्या सकाळी साडेदहाच्या सुमारास आला. अंदाज चुकू शकतात ना, मग जागून पाहायला काय हरकत? १९९८ साली सिंहेच्या वर्षावाबाबत ते चुकले होते, तेजस्वी उल्का कित्येक तास आधीच पडून गेल्या. पण पुढच्याच वर्षी धुळीच्या एकेका पट्ट्याचं गणित मांडून वर्तवलेली वेळ काही मिनिटांच्या फरकाने खरी ठरली.

म्हणून इथून पाहायचा तो १३-१४ डिसेंबरचा मिथुन वर्षाव. दरवर्षी येतो, त्यामुळे बिचाऱ्याचं कौतुक नाही. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव पावसाळी ढगांत जातो. मिथुन रास मात्र संध्याकाळीच उगवते आणि रात्री दोनच्या सुमारास तिच्यातले पुनर्वसूचे दोन तारे जवळजवळ माथ्यावर असतात. फेथन या लघुग्रहापासून आलेले हे कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येतात, सिंहेच्या उल्कांच्या निम्म्याने, त्यामुळे 'ती बघ' म्हणेपर्यंत रेघ टिकते. या वर्षावासाठी सांगितला जाणारा ताशी १२०-१५० उल्कांचा आकडा होसूर रोडच्या दिव्यांत कसा गाठायचा, ही शंका रास्त आहे. नाहीच गाठता येत. तो आकडा काळ्याकुट्ट आकाशाचा. तेजाच्या चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील तर ताशी दहा-बारा उल्का पदरात पडतात. मात्र हीच कात्री दुर्मिळ वर्षावालाही लागते, आणि मिथुनेची पूर्ण रात्र हाताशी असते. गच्चीवर दिव्यांकडे पाठ करून आडवं व्हावं, वीस मिनिटं मोबाइलला हात लावू नये. दुर्बीण नको, तिच्यातून आकाशाचा टिचभर तुकडाच दिसतो. दुर्मिळाच्या बातमीतल्या जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवून उत्तर मध्यरात्र ते पहाटे पाचच्या दरम्यान आलं आणि चंद्रही आड येत नसला, तर त्याच्यासाठीही गजर लावावा.