ग्रामसभेत शंभर माणसं कायले लागतात? (भाग वाचण्यासाठी)

ज्यांचे इअरफोन हरवले, किंवा ज्यांचा नेट पॅक दुपारीच संपला, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे "म्हणजे म्हणजे" झालं ते काढून टाकलं आहे, बाकी बहुतेक तसंच ठेवलं आहे.

विषय ग्रामपंचायतीचा. ऐकूनच काही पोट्टे पुढचा भाग लावतील, माहीत आहे. पण थांबा. "ग्रामसभेत जाऊन काय होते, सगळं तर आधीच ठरलेलं राहते" हे वाक्य आपल्या प्रत्येक गावात ऐकू येते. ते खोटं नाही. पण ते खरं कायच्यानं होते, हे समजून घेतलं तर गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो.

आधी एक गोष्ट साफ करू. बाहेरच्या लोकांची चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार यात नेहमी गल्लत होते. दोन्ही अमरावती जिल्ह्यातच, दोन्ही तालुके, पण वेगवेगळे. आपण बोलतोय चांदूर बाजारबद्दल. त्यातही खुद्द चांदूर बाजार शहराला नगरपरिषद आहे. म्हणून शहरातल्या माणसाला ग्रामसभा नाही. त्याचा नगरसेवक आणि त्याचं नशीब. आजूबाजूची गावं, म्हणजे करजगाव, तळवेल, घाटलाडकी, बेलोरा वगैरे, इथं ग्रामपंचायत आहे. आणि तिथल्या अठरा वर्षं पूर्ण केलेल्या, मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येक माणसाला असा एक हक्क आहे जो शहरातल्या माणसाला नाही. तो ग्रामसभेचा सदस्य आहे. निवडून आलेला नाही, कोणी नेमलेला नाही, मतदार आहे म्हणूनच सदस्य. खासदारालाही मतदार पाच वर्षांतून एकदा भेटतात, सरपंचाला मात्र वर्षातून किमान चारदा समोर बसवून घ्यावं लागते.

हे चारदा कुठून आलं? आपल्या राज्याचा ग्रामपंचायत कायदा 1958 चा. आधी त्याच्या नावात मुंबई होतं, नंतर महाराष्ट्र झालं. पुढे 73 वी घटनादुरुस्ती आली, ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, आणि ग्रामसभेला थेट संविधानात जागा मिळाली. आता आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे त्या 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीला होतात. योग्य कारण नसताना सरपंच सभा टाळत राहिला तर त्याचं पद जाऊ शकते. म्हणून सभा "होते". कागदावर तर नक्कीच होते.

आता या तारखा वऱ्हाडात काय आहेत बघा. 1 मे म्हणजे आपलं ऊन. पारा पंचेचाळीसच्या आसपास, वर लग्नसराई. 15 ऑगस्टला निंदण-फवारणीचे दिवस. 2 ऑक्टोबरला सोयाबीन कापणीला येते आणि मजूर मिळत नाही. 26 जानेवारीला तुरीची सोंगणी-मळणी, हरभऱ्याला पाणी, संत्र्याच्या मृग बहाराचा सौदा. तारखा सुट्टीच्या आहेत, पण त्या नोकरीवाल्याच्या सुट्टीच्या आहेत. शेतमजुरासाठी ग्रामसभा म्हणजे बुडालेली रोजी.

आणि इथंच आकड्याचा खेळ येतो. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. सहाशे मतदारांचं गाव असेल तर 90 डोकी पाहिजेत. तीन हजार मतदारांचं असेल तर 15 टक्के होतात 450, पण कायदा म्हणतो शंभर पुरे. मग शंभर येतात का? बऱ्याचदा येत नाहीत. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, लोक घरी. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची गरजच नसते!

थोडं थांबून विचार करा. पहिल्या सभेला शंभर लागतात. तीच सभा तहकूब होऊन परत भरली की वीस माणसांतही ठराव होतो, आणि तो ठराव संपूर्ण गावाचा धरला जातो. ही तरतूद वाईट हेतूनं केलेली नाही. नाहीतर कोरमअभावी गावाचं कामच अडून राहिलं असतं. पण व्यवहारात तिचा अर्थ असा होतो, की ज्याला गर्दी नको आहे त्याला काही करावं लागत नाही. फक्त आपण घरी राहायचं. "आधीच ठरलेलं राहते" हे बरोबर आहे, पण ते ठरवायला आपली गैरहजेरीही लागते.

बरं, त्या वीस माणसांच्या सभेत ठरते तरी काय? पैसा. गावाचा पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची जागा किंवा गाळे असतील तर त्यांचं भाडं. दुसरा वरून, त्यात सगळ्यात मोठा वाटा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाचे 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांचे नियम बघा. महाराष्ट्रात ग्रामीण भागाच्या निधीतला 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला, 10 टक्के जिल्हा परिषदेला. ग्रामपंचायतीच्या हिश्श्यात पुन्हा 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठीच, अर्धा-अर्धा. उरलेला 40 टक्के अबंधित. सोपं गणित: गावाला दहा लाख आले तर तीन लाख पाण्याला, तीन लाख नाली-कचऱ्याला, आणि चार लाख गावाच्या गरजेप्रमाणे. गावात खरी चर्चा व्हायला पाहिजे ती या चार लाखांवर. अंगणवाडीची फरशी, की स्मशानभूमीचं शेड, की पांदण रस्ता? संत्रा बागेपर्यंत गाडी गेली नाही तर व्यापारी भाव पाडतो, हे बागवाल्याला माहीत आहे. अंगणवाडीत पावसाळ्यात ओल येते हे ज्या माउलीचं लेकरू तिथं बसते तिला माहीत आहे. दोघांपैकी सभेला कोण आलं, त्यावर फरशी होते की रस्ता होतो.

हे सगळं ज्या कागदात लिहिलं जाते त्याचं नाव ग्रामपंचायत विकास आराखडा. महाराष्ट्रात 2015-16 पासून "आमचं गाव, आमचा विकास" या नावानं तो सुरू झाला. दरवर्षी गावानं बसून पुढच्या वर्षाची कामं ठरवायची आणि ग्रामसभेनं मंजूर करायची, अशी पद्धत. काही गावांत खरंच वस्तीवस्तीत बैठका होतात. काही गावांत मागच्या वर्षीचा आराखडा घेतात, वर्ष बदलतात, झालं. तुमच्या गावाचा कोणता प्रकार आहे हे ओळखायची युक्ती पुढे सांगतो.

एक गोष्ट बायांसाठी. कायद्यानुसार नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. राज्यात 2011 पासून पंचायतींमध्ये 50 टक्के जागा महिलांना आहेत, त्यामुळे बाई सरपंच असणं आता नवल नाही. पण महिला सभा किती गावांत खरी भरते? मोठ्या सभेत दहा पुरुषांसमोर नळाच्या वेळेबद्दल बोलायला जी बाई उठत नाही, ती बायांच्या सभेत बोलते. नळ पहाटे चारला सोडतात की सकाळी सातला, यावर तिचा आख्खा दिवस ठरतो. जलजीवन मिशन 2019 मध्ये आलं, माणशी रोज 55 लिटर पाणी हे त्याचं माप. पाइप टाकायचं काम कंत्राटदार करते, पण नंतर मोटरचं वीजबिल, नळ सोडणाऱ्याचा पगार, लिकेज, हे सारं ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीतून. पाणीपट्टी कोणीच भरली नाही तर नवी कोरी टाकीही शोभेची होते. हे सरपंचानं एकट्यानं सांगितलं तर तो वाईट होतो. सभेत हिशोब मांडला तर निदान भांडण तरी मुद्द्यावर होते.

दिव्यांगांचाही मुद्दा आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. दिव्यांगांच्या प्रश्नांवर राज्यभर आंदोलनं करणारे बच्चू कडू आपल्याच तालुक्यातल्या बेलोऱ्याचे. तरी आपल्या गावात हे पाच टक्के कोणाला मिळाले, हे किती जणांनी कधी विचारलं?

आणि घरकुल. यावर सगळ्यात जास्त भांडणं. प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात घरामागे मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये. यादी वरून सर्वेक्षणातून येते, पण ती ग्रामसभेसमोर वाचली गेली पाहिजे आणि अपात्र नाव असेल तर तिथंच आक्षेप घेता येतो. ज्याचं दुमजली घर आहे त्याचं नाव यादीत, आणि कुडाच्या भिंतीवाली म्हातारी बाहेर, असं झालं असेल तर ते बोलायची अधिकृत जागा ही सभा. नंतर चहाच्या टपरीवर बोलण्याची नोंद कोणी करत नाही.

आता जरा जवळचं उदाहरण. अचलपूर तालुक्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं छोटं आदिवासी गाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल उजाड झालेलं. ग्रामसभेनं ठरवलं, चराई कुठं बंद करायची, झाडं कुठं लावायची, राखण कोणी करायची. मग जंगलातली सीताफळं गावानंच गोळा करून "नॅचरल्स मेळघाट" या नावानं विकली. 2014 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. मला यात सीताफळापेक्षा सभा महत्त्वाची वाटते. स्वतःच्या पोटाचा प्रश्न सभेत होता म्हणून लोक आले. गडचिरोलीचं मेंढा (लेखा) तर याहून जुनं, तिथं बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची रीत. आपल्या सपाटीच्या गावांत जंगल नाही, जात-पार्टी जास्त, हे खरं. पण पाणी तर सगळ्यांच्याच पोटाचं आहे ना?

मोठ्या सभेचं सोडा, रोजच्या दाखल्यांचं काय? जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, थकबाकी नसल्याचा दाखला, नमुना 8 चा उतारा, असं सारं 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात येते. बहुतेकांची फी वीस रुपये आणि मुदत पाच-सात दिवस. नमुना 8 म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद. घरकुलापासून वीज मीटरपर्यंत सगळीकडे तो मागतात. अर्ज दिला की पोच घ्या, कारण मुदत पोचेवरच्या तारखेपासून मोजतात. मुदतीत मिळालं नाही तर अपील आहे, आणि दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. हो, आणि ग्रामसेवक आणि तलाठी हे वेगळे! सातबारा तलाठ्याकडे, नमुना 8 ग्रामसेवकाकडे. 2024 मध्ये दोघांचीही पदनावं बदलली, ग्रामसेवक झाले ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी. गावात अजून जुनीच नावं चालतात, चालू द्या.

एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावं असतात, म्हणून ते "आज नाहीत" हे नेहमीचं. सरपंचाचं मानधनही 2024 मध्ये दुप्पट झालं तेव्हा गावाच्या लोकसंख्येप्रमाणे महिना 6 ते 10 हजारांवर आलं. पूर्ण वेळ काम करणाऱ्या माणसासाठी ते कमीच आहे. सगळे सरपंच चोर, असं म्हणणाऱ्यांनी एक महिना गावाचं वीजबिल आणि नाली सांभाळून बघावी.

आता ती युक्ती. फोनवर "मेरी पंचायत" ॲप घ्या किंवा ई-ग्रामस्वराजची वेबसाइट उघडा. राज्य, जिल्हा अमरावती, तालुका चांदूर बाजार, मग आपली ग्रामपंचायत. दोन वर्षांचे आराखडे शेजारी-शेजारी बघा. कामांची नावं जशीच्या तशी असतील तर उत्तर मिळालं. मग खर्च दाखवलेलं एक काम निवडा आणि संध्याकाळी गाडी घेऊन तिथं जा. नाली दिसते का? फोटो काढा, तारखेसह. गावच्या ग्रुपवर टाकून भांडण लावू नका, ठेवा जपून. ठरावाची नक्कल साध्या अर्जानं मागा. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस.

आणि सभेची नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो काढून तो मात्र ग्रुपवर टाका. आपला विषय चर्चेला घ्यायचा असेल तर सभेच्या आधी लेखी द्या, पोच घ्या. सभेत बोललात तर "हे इतिवृत्तात लिहा" एवढं शेवटी म्हणा, आणि सही करण्याआधी वाचा. कोऱ्या रजिस्टरवर सही मागितली तर सांगा, आधी लिहून घ्या, मग करतो बाप्पा.

पुढच्या भागात घरपट्टी कशी मोजतात ते पाहू: मातीच्या घराला किती, स्लॅबच्या घराला किती, आणि थकबाकीदार सदस्याचं पद कसं जाऊ शकते. आपापल्या घरची मागच्या वर्षीची पावती शोधून ठेवा, ती लागणार आहे.