पूर्वीचा नेपाळ कुणाचा होता?

२०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार पेटला, सर्वोच्च न्यायालय पेटलं आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या पुण्याने एकच वाक्य ऐकवलं: ‘नेपाळ काही आता पूर्वीसारखा राहिला नाही.’ दसरा-दिवाळीच्या सहली रद्द होत होत्या, आगाऊ भरलेले पैसे अडकले होते, त्यामुळे त्या हळहळीत परताव्याची काळजी बरीच मिसळलेली होती. तिकडे सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, कॉलेजातली पोरं रस्त्यावर उतरली, पहिल्याच दिवशी १९ जण मारले गेले, पुढे हा आकडा सत्तरच्या वर गेला. पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि आठवडा संपायच्या आत माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्या हाती हंगामी कारभार आला. इकडे लोक मला विचारत होते, मनकामनाची केबल कार चालू आहे का?

मला विचारायचं कारण असं की, नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीचा टूर मॅनेजर म्हणून मी नेपाळच्या सहली नेत असे. कंपनी केव्हाच बुडाली, जाताना माझा शेवटच्या हंगामाचा पगारही घेऊन बुडाली. पण ‘पूर्वीचा नेपाळ’ हे प्रकरण तेव्हापासून माझ्या मागे लागलं आहे. जो तो आपण पाहिला तोच अस्सल नेपाळ समजतो आणि नंतरचा बिघडलेला.

हिप्पींचा अस्सल नेपाळ १९७३ मध्ये संपला. सरकारने गांजाच्या दुकानांचे परवाने रद्द केले, काठमांडूच्या झोछेंमधल्या ‘फ्रीक स्ट्रीट’ची रया गेली. त्या दिवसांच्या आठवणी गोऱ्या मंडळींनी इतक्या लिहून ठेवल्यात की त्यात माझी भर नको. ऐंशीच्या दशकातला आपल्या लोकांचा नेपाळ म्हणजे काठमांडूचा न्यू रोड. बटण दाबलं की उघडणाऱ्या छत्र्या, थर्मास, टेपरेकॉर्डर, कॅल्क्युलेटर. पशुपतिनाथाचं दर्शन सकाळी उरकायचं आणि दिवसभर बाजार करायचा. १९९१ नंतर आपल्याकडेच सगळं मिळू लागलं आणि न्यू रोडवरची मराठी गर्दी ओसरली. तेव्हाही लोक म्हणालेच, आता नेपाळमध्ये काही राम राहिला नाही.

मी पाहिला तो नेपाळ १९९० नंतरचा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जनआंदोलनापुढे नमून राजे बीरेंद्र यांनी पंचायत व्यवस्था गुंडाळली, नोव्हेंबरात नवी राज्यघटना आली. आमची गाडी गोरखपूरला पोचायची, तिथून बसने सोनौली, सीमेवर भन्सार, म्हणजे त्यांचं कस्टम, आणि पुढे त्रिशुलीच्या काठाने रात्रभर काठमांडू. बरोबर आमचा आचारी, त्याचा स्टोव्ह आणि पोह्यांची पोती. सात दिवसांत नेपाळच्या दाल-भाताचा घास न घेता परतलेले प्रवासी मी शेकड्यांनी पाहिले आहेत. कंपनीच्या जाहिरातीत तीच तर मोठी सोय म्हणून छापलेली असे: काठमांडूत पुरणपोळी. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात, तो दर आजही तोच आहे. त्या चढ्या ६० रुपयांची मिजास आमच्या मंडळींच्या चालण्यात दिसायची. हॉटेलातल्या पोऱ्याला नाव न विचारता ‘ए बहादूर’ अशी हाक मारली जायची. आणि हेच लोक रात्री जेवताना म्हणायचे, ‘किती गरीब स्वभावाची माणसं हो!’

ज्यांच्या गाठीशी पैसा असे त्यांना आम्ही पोखऱ्याहून छोट्या विमानाने जोमसोमला नेत असू, मुक्तिनाथाच्या दर्शनाला. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, मधून काली गंडकी. सकाळी दहा-अकरा वाजले की त्या खोऱ्यात असा वारा सुटतो की विमानं उतरतच नाहीत. परतीच्या दिवशी ढगांमुळे पोखऱ्याहून विमान वेळेत निघालं नाही की संपलं. धावपट्टीच्या कडेला पिशव्यांवर बसलेल्या काकू मला दम देत: ‘पैसे पूर्ण घेतलेत ना? मग काहीतरी करा.’ काय करणार होतो मी, वाऱ्याला व्हाउचर दाखवणार होतो?

अशा अडकलेल्या रात्री थकाली जमातीच्या एका बाईच्या लॉजमध्ये जात. लांब टेबल, त्यावरून जमिनीपर्यंत सोडलेलं जाड कांबळं आणि टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी. कांबळ्यात पाय घालून सगळे एकाच ऊबेला बसलेले. टेबलाच्या एका अंगाला आमचे यात्रेकरू, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णेची प्रदक्षिणा करून थोरुंगची खिंड उतरून आलेले युरोपी ट्रेकर. लॉजवाली दिदी एकाच चुलीवर त्यांना सफरचंदाचा पाय आणि आम्हाला मऊ भात करून वाढायची. आमच्या मंडळींची तक्रार असे की इथे साधा रस्ता नाही, काय हा देश! पलीकडच्यांची तक्रार अशी की इथेही आता रस्ता येणार म्हणतात, मग काय उरलं या देशात? दोघांच्या भाषा वेगळ्या, त्यामुळे भांडण झालं नाही एवढंच. त्या दिदीला काय हवं होतं, हे टेबलावरच्या कुणी विचारलं नाही. मी विचारलं होतं. तिला रस्ता हवा होता. मार्फाची सफरचंदं खेचराच्या पाठीवरून खाली पोचेपर्यंत सडतात, असं ती म्हणाली.

आमचं सामान वाहणारा पोरगा मिसरूडही न फुटलेला होता. डोको, म्हणजे टोपली, पाठीला, नाम्लोचा पट्टा कपाळाला, पायात हवाई चप्पल. त्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘दाई, तुम्ही मुंबईकडचे ना? दुबईला धाडणारा कुणी एजंट तुमच्या ओळखीचा आहे का?’ आमची माणसं त्या वेळी सूर्यास्ताच्या वेळच्या नीलगिरी शिखराचे फोटो काढत होती.

त्याच दशकात त्याच वाटेने उलट्या दिशेनेही वाहतूक चालू होती. नुवाकोट, सिंधुपाल्चोकच्या मुली मुंबईत आणून विकल्या जात होत्या. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई पोलिसांनी कुंटणखान्यांवर छापे घातले, शेकडो मुली सोडवल्या, त्यात नेपाळी मुली पुष्कळ होत्या. त्यांना परत घ्यायला त्यांच्याच सरकारने टाळाटाळ केली. शेवटी स्वयंसेवी संस्थांनी त्यांना नेलं. त्यांच्यातल्याच काहीजणींनी ‘शक्ती समूह’ उभा केला आणि २०१३ मध्ये या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नव्वदच्या दशकातला ‘शांत, निष्पाप नेपाळ’ आठवून गहिवरणाऱ्यांच्या आल्बममध्ये यातलं काहीच नसतं. १३ फेब्रुवारी १९९६ ला पश्चिमेच्या डोंगरांत माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं, तेही नसतं. आम्ही १९९८ च्या ‘व्हिजिट नेपाळ’ वर्षाच्या टोप्या वाटत होतो.

गेलेल्या गोष्टींचं मलाही वाईट वाटतं, नाही असं नाही. त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक धावणारी चिनी ट्रॉलीबस गेली. हिवाळ्यात काठमांडूच्या गच्चीवरून गणेश हिमाल दिसायचा, आता कित्येक दिवस धुराशिवाय काही दिसत नाही. मात्र १९९९ मध्ये धूर ओकणारे डिझेलचे विक्रम टेम्पो शहरातून काढले, त्यांच्या जागी बॅटरीवरचे सफा टेम्पो वाढले आणि त्यांतले कितीतरी बायका चालवू लागल्या, हेही मी पाहिलं. भारतातल्या शहरांना विजेची रिक्षा सुचायच्या कितीतरी आधी.

माझं दशक काठमांडूहून निघालेल्या आयसी ८१४ च्या अपहरणाने संपलं. २४ डिसेंबर १९९९. इंडियन एअरलाइन्सने काही महिने काठमांडूची उड्डाणं थांबवली, आमची कंपनी त्या धक्क्यातून उठली नाही. १ जून २००१ ला नारायणहिटी राजवाड्यात राजे बीरेंद्र यांचं कुटुंबच गोळ्यांनी संपलं. पुढची वर्षं मी लांबून पाहिली: युद्ध, २००६ चा करार, २००८ मध्ये राजेशाहीचा शेवट, दिवसाला सोळा-सोळा तास अंधार, २०१५ चा भूकंप. भूकंपात आपल्या वाहिन्यांच्या वार्ताहरांनी ढिगाऱ्याशी बसलेल्या माणसांच्या तोंडाशी माइक धरले. ‘आता घरी जा’ असं नेपाळ्यांनी त्यांना जाहीरपणे सुनावलं, ते बरं केलं. त्याच वर्षी सीमेवर ट्रक अडले, ऐन थंडीत तिकडे गॅस मिळेना. पुढच्या हंगामात आमचे लोक निरागसपणे विचारत होते, नेपाळी आपल्यावर का चिडलेत?

आणि आता रस्ता. मुक्तिनाथला जीप जाते. ट्रेकर मंडळी धूळ खात हळहळतात. त्या दिदीची सफरचंदं वेळेत पोचू लागली असतील, तर त्या धुळीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रस्ते कसे झाले याबद्दल. नेपाळी लोकच त्याला ‘डोजरे विकास’ म्हणतात. निवडणूक आली की ठेकेदाराचा डोझर डोंगर कापतो, पावसाळा आला की डोंगर खाली येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तनहुँमध्ये मर्स्यांगदी नदीत कोसळली, २७ जण गेले. कारण रस्ता असो की वेग, नव्या नेपाळची ‘सोय’ किती तकलादू आहे ते आपल्याला घरबसल्या कळलं. पोखऱ्याला चिनी कर्जातून आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन झालं. आंतरराष्ट्रीय विमानांची नियमित ये-जा मात्र जवळपास नाहीच, आणि बांधकामात मोठा गैरव्यवहार झाल्याचा ठपका संसदेच्या उपसमितीने २०२५ मध्ये ठेवला.

सप्टेंबरात रस्त्यावर आलेली पोरं यावरच चिडली होती. पुढाऱ्यांच्या मुलांचे परदेशी ब्रँड मिरवणारे फोटो एकीकडे, आखाती देशांच्या विमानांसाठीची रांग दुसरीकडे. देशाच्या उत्पन्नाच्या एक चतुर्थांशाहून जास्त पैसा बाहेर राबणारी माणसं धाडतात. माझा तो हमाल त्या रांगेत लागला असेल तर आज त्याचा मुलगा विशीत असेल. २०१९ मध्ये जवळपास १२ लाख परदेशी प्रवासी नेपाळला येऊन गेले, त्यात सर्वांत जास्त आपण. इतक्या डोळ्यांना हा राग दिसला नाही, कारण आपण शिखरांकडे बघत होतो किंवा मेन्यूकार्डाकडे. इमारती जाळणं मला पटलं नाही. राष्ट्राची दफ्तरं त्यात राख झाली, ती भरून येणार नाहीत. पण आपली सहल हुकली म्हणून त्या रागाला ‘नेपाळ बिघडला’ म्हणणं, हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी सांगतो, जा. आचारी इथेच ठेवा, दाल-भात खा, सामान उचलणाऱ्याचं नाव विचारा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. परत येऊन तक्रार करायचीच असेल, तर पोखऱ्याच्या त्या विमानतळाची करा. मुक्तिनाथच्या रस्त्यावरच्या धुळीची तक्रार घेऊन मात्र माझ्याकडे येऊ नका.