यंत्र, हात आणि बाटलीवरचे नाव

मद्यपानाच्या गुणदोषांची चर्चा येथे कर्तव्य नाही. यंत्र आणि कारागिरी यांचा झगडा कसा मिटतो किंवा मिटवला जातो, याचा अभ्यास करू पाहणाऱ्यास मात्र हातमागाइतकाच मद्याच्या भट्टीचा इतिहास उद्बोधक ठरेल. अबकारी कराच्या निमित्ताने सरकार तेथे पहिल्यापासून हजर असते, हेही त्याचे एक कारण.

तांब्याच्या जुन्या पात्रात एकेक घाणा घालून मद्य उतरवीत. पहिली धार उग्र, शेवटची जड आणि बेचव. मधली तेवढी घ्यावयाची. ती कोणत्या क्षणी धरावी आणि कोणत्या क्षणी सोडावी, हे भट्टीवरचा माणूस ठरवी. खरी कारागिरी या निर्णयात होती, कष्टात नव्हे. १८३० साली एनीअस कॉफी या आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकाऱ्याने दोन उंच स्तंभांच्या यंत्राचे पेटंट घेतले. वरून आंबवलेला द्रव सोडायचा, खालून वाफ. शेकडा नव्वदांहून अधिक तीव्रतेचा मद्यार्क अखंड वाहू लागतो. इंधन कमी, माणसे कमी. आणि अर्थातच धान्याचा स्वादही कमी.

डब्लिनच्या बड्या कारखानदारांनी हे यंत्र नाकारले. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी यंत्राचा स्वस्त मद्यार्क पात्रातील मद्यात मिसळून विकण्यास आरंभ केला. तेव्हा वाद उभा राहिला तो नावाचा: यास ‘व्हिस्की’ म्हणावे काय? लंडनमधील इस्लिंग्टनच्या न्यायालयात १९०६ मध्ये निकाल पात्राच्या बाजूने लागला. परंतु १९०८ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने पुढच्याच वर्षी दोन्हींना तेच नाव बहाल केले. आयर्लंडच्या धंद्याचा पुढे ऱ्हास झाला, त्यास स्वातंत्र्ययुद्ध, ब्रिटनशी व्यापारी तंटा आणि अमेरिकेतील दारूबंदी हीही कारणे होतीच. तरीही १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्या सबंध बेटावर चालू कारखाने दोनच उरले होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

आज स्कॉटलंडमध्ये काय दिसते? २००९च्या नियमांनुसार ‘सिंगल माल्ट’ हे नाव हवे असेल तर मद्य पात्रातच, घाण्याघाण्याने उतरवले पाहिजे. पण त्या पात्राच्या झडपा माणसाने फिरवाव्यात की संगणकाने, याविषयी नियमांना कर्तव्य नाही. अनेक कारखान्यांत एका पाळीस एखाद-दुसरा माणूस पडद्यासमोर बसून काम पाहतो. कॅम्पबेलटाऊनच्या स्प्रिंगबँकसारखे कारखाने आपले सगळे बार्ली आजही जमिनीवर पसरून हातांनी उलथतात, पण ते अपवादच. कायद्याने भांडे वाचवले, हात वाचवला नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या उतारीत हुर्राक आणि पुन्हा उतरवून फेणी काढतात. बोंडे पिकतात उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत आणि पिकल्यावर टिकत नाहीत. वर्षातील नऊ महिने रिकामे राहणारे महागडे यंत्र कोण बसवील? गावची छोटी भट्टी टिकली ती परंपरेच्या प्रेमामुळे, असे आपण भाविकपणे म्हणतो. वस्तुतः बोंडाच्या नाशवंतपणाचा त्यात मोठा वाटा आहे.

बोंडे पायांनी तुडवण्याऐवजी यंत्राने पिळली तर कोणी हळहळण्याचे कारण नाही. कंबरमोड काही कला नव्हे. भट्टीवरच्या माणसाची नजर आणि नाक यांची गोष्ट वेगळी. ती पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली आहे, पण तिची किंमत ना मजुरीत धरली जाते ना बाटलीत. निर्देशांकाने नावाचा भाव वाढला तर ती वाढ बाटली भरणाऱ्याच्या पदरी पडणार, भट्टी लावणाऱ्याच्या, की कडक उन्हात बोंडे वेचणाऱ्या बाईच्या? कायदा नाव देतो, वाटणी करीत नाही. फेणी कोणत्या गावच्या कोणत्या भट्टीवर उतरली, एवढे जरी बाटलीवर छापणे सक्तीचे केले, तरी भट्टीवाल्याला पुढच्या हंगामाचा दर ठरवताना बोलण्यास काही आधार मिळेल.